उसनी थंडी

गणपती गावाला जातात, पितृपंधरवडा लागतो आणि खडकीतल्या एखाद्या हौशी घरात फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात एक तपकिरी कागदी पिशवी येऊन बसते. पिशवीवर ठळक अक्षरांत ‘खायचे नाही’ असं लिहिलेलं असतं. ते लिहावंच लागतं, कारण आतला ऐवज पाहून कुणालाही लहान कांदे आठवावेत. तांबूस, कागदासारखी साल, खाली चपटं बूड, वर निमुळतं टोक. हे ट्युलिपचे कंद. आता नाताळपर्यंत, म्हणजे बारा ते चौदा आठवडे, त्यांचा मुक्काम इथंच. बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापेल, दिवाळी येईल, तुळशीचं लग्न लागेल. पिशवीत मात्र हिवाळा सुरू झालेला असतो.

या दिवसांत त्या फ्रिजपुरता एक नियम कसोशीनं पाळावा लागतो. नेमका हाच पुरंदरच्या सीताफळांचा हंगाम, आणि पिकत आलेलं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. सीताफळच काय, पेरू, केळी, सफरचंद, टोमॅटो, सगळेच सोडतात. बंद जागेत तो साचला की कंदाच्या पोटातली कळी जागच्या जागी सुकते. कंद वरून ठणठणीत दिसतो, पुढे त्याला मुळं फुटतात, पानंही येतात. फूल तेवढं येत नाही. म्हणून ज्या घरात ट्युलिपची पिशवी असते तिथं फळांची टोपली ओट्यावर असते.

‘कंदाच्या पोटातली कळी’ हे शब्दशः खरं आहे. एखादा कंद उभा चिरून पाहावा. कांद्यासारखे मांसल पापुद्रे दिसतात आणि मधोमध, बुडाला धरून, एक पिवळट कोंब. भिंगाखाली त्या कोंबात घडी घातलेली पानं ओळखू येतात आणि पानांच्या आत अख्खं फूल: सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, तीन कप्प्यांचा अंडाशय. मागच्या उन्हाळ्यात, शेतातून काढलेला कंद कोरड्या गोदामात पडून होता, तेव्हाच हे सारं आत घडत होतं. खडकीत आलेल्या कंदात फूल तयारच असतं. उघडायचं की नाही, एवढं थंडी ठरवते.

ट्युलिपचं माहेर मध्य आशियातल्या डोंगरांत, तिएन शान आणि पामीरच्या उतारांवर. तिथला हिवाळा जीवघेणा आणि उन्हाळा कोरडाठाक. दोन्हींच्या मधे वसंताचे मोजके आठवडे हाती लागतात. तेवढ्यात फुलायचं, बी धरायचं आणि पुन्हा जमिनीखाली जायचं. जानेवारीतल्या एखाद्या उबदार दिवसाला भुलून वर येणारं झाड अशा मुलखात टिकलंच नसतं. म्हणून कंद हिवाळा मोजतो. दोन ते नऊ अंशांमधली थंडी सलग तीनेक महिने लाभली की साठवलेल्या पिष्टाची साखर होऊ लागते आणि दांडा लांब करणारी संप्रेरकं कामाला लागतात. थंडी अपुरी पडली तर फूल पानांच्या बेचक्यात, आखूड दांड्यावर, मातीला टेकून राहतं. कधी कळीतच वाळतं.

खडकीला थंडी नसते असं म्हटलेलं खडकीकरांना आवडणार नाही, आणि ते बरोबरच आहे. डिसेंबरातल्या पहाटे मुळेच्या पात्रावर आणि होळकर पुलावर धुकं उतरतं. कॅन्टोन्मेंटच्या जुन्या झाडांखाली शेकोट्या पेटतात, माणसं कानटोप्या घालून चहाच्या टपरीशी उभी राहतात. पुण्याच्या हवामानाच्या नोंदींत १७ जानेवारी १९३५ या दिवसाचं किमान तापमान १.७ अंश आहे. त्या रात्री खडकीतल्या बागांवर काय गुजरलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पण कंदाला अशा एका रात्रीचं अप्रूप नसतं. त्याला आठवडे लागतात, आणि पुण्याचा हिवाळा रोज दुपारी तिशीकडे सरकतो. पहाटे जमलेली थंडी दुपारी विरून जाते. खडकीपासून जवळच, शिवाजीनगरला, हवामान खात्याची दगडी इमारत आहे. तिला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, कारण १९२८ मध्ये हे कार्यालय सिमल्याहून इथं हलवलं गेलं. माणसं आली, उपकरणं आली, नावही आलं. थंडी काही त्यांना आणता आली नाही.

तेव्हा ती उसनी घ्यावी लागते, फ्रिजच्या कप्प्यातून.

मराठी अंगणात आज जी फुलं अगदी घरची वाटतात त्यांची गावं विचारली तर चकित व्हायला होतं. ज्याच्या तोरणाशिवाय दसरा होत नाही तो झेंडू मेक्सिकोचा. गजऱ्यापासून लग्नमंडपापर्यंत सगळीकडे असणारा निशिगंध, म्हणजे बाजारातली गुलछडी, तोही मेक्सिकोचाच. देवळासमोरचा पांढरा चाफा मध्य अमेरिकेतून आलेला. संध्याकाळी उमलणारी गुलबक्षीही अमेरिका खंडातली, शेवंती चीनची. सातासमुद्रांपलीकडून आलेली ही झाडं इथल्या ओव्यांत गेली, देव्हाऱ्यात गेली, लेकीबाळींची नावं झाली. आणि ट्युलिप? तो तर शेजारचा. काबूलच्या टेकड्यांवर, काश्मीरच्या शेतांच्या बांधांवर आणि पश्चिम हिमालयात त्याच्या रानटी जाती आपसूक उगवतात. तरीही मराठीनं त्याला आपलं असं नाव दिलं नाही, कुठल्या सणाशी त्याची गाठ बांधली नाही. मेक्सिकोचं फूल घरचं झालं आणि काश्मीरचं पाहुणं राहिलं, याचं कारण मैलांत शोधून सापडत नाही. ते तापमापकात सापडतं. झेंडूला हवं ते ऊन इथं होतं. ट्युलिपला हवी ती थंडी नव्हती.

त्या उत्तरेकडच्या मुलखात या फुलाचं कौतुक जुनं आहे. बाबरानं आपल्या आत्मचरित्रात काबूलच्या पायथ्याच्या टेकड्यांवरच्या ट्युलिपचे प्रकार मोजवून घेतल्याचं लिहिलं आहे. ते बत्तीस की तेहेतीस भरले, आणि त्यांतल्या एकाला गुलाबासारखा मंद वास होता. स्वाऱ्यांच्या धामधुमीत फुलांची शिरगणती करणारा हा माणूस त्या एका वाक्यापुरता फार जवळचा वाटतो. त्याचा पणतू जहांगीर १६२० च्या वसंतात काश्मीरला गेला, तेव्हा सोबत उस्ताद मन्सूर हा चित्रकार होता. तिथल्या शंभरावर फुलांची चित्रं मन्सूरनं काढली असं जहांगीर लिहितो. त्यांतलं लाल ट्युलिपचं चित्र अलीगढला जपलेलं आहे. राजेरजवाड्यांपलीकडेही हे फूल होतं. श्रीनगरच्या जुन्या घरांची आणि मशिदींची छपरं मातीची असत. त्या मातीत ट्युलिप आणि आयरिसचे कंद असत, वसंत आला की अख्खं छप्पर फुलत असे. ज्या घराच्या डोक्यावर दरवर्षी तांबडी फुलं उगवत, त्या घरातल्या मुलांना फ्रिजमधल्या पिशवीची ही हकिकत ऐकून नवल वाटलं असतं.

खडकीचा फुलांशी संबंध मात्र वेगळ्या वाटेनं आला. ५ नोव्हेंबर १८१७ ला इथल्या माळावर पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, आणि पुढच्या काही महिन्यांत पेशवाई संपली. शेवटच्या पेशव्यांना फुलं पुरवणारं एक माळी कुटुंब पुण्यात होतं. मूळ आडनाव गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायावरून लोक त्यांना फुले म्हणू लागले. त्याच घरात पुढे १८२७ मध्ये जोतीरावांचा जन्म झाला. आज खडकीला लागून असलेल्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाला महात्मा फुले यांचं. पेशव्यांच्या दारात फुलांची परडी पोचवणाऱ्या घराचं नाव दोन विद्यापीठांच्या कमानींवर आलं. फुलांच्या धंद्याला याहून मोठा मान मिळाल्याचं उदाहरण शोधायला गेलं तर सापडणं कठीण.

लढाईनंतर खडकीत छावणी वसली. बंगले आले, बंगल्यांना बागा आल्या. थंड देशातून आलेल्या माणसांना आपल्याकडची फुलं हवी असत, आणि बियाणं, कंद, कलमं बोटीनं मुंबईला उतरून घाट चढत. त्यांतली किती इथं रुजतील, हे पाहणारी जागा होती शेजारचं गणेशखिंड. तिथं गव्हर्नरचा बंगला उभा राहिला, तोच पुढे विद्यापीठाची मुख्य इमारत झाला. जवळच १८७३ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. जी. मार्शल वुड्रो हे या उद्यानाचे अधीक्षक. हिंदुस्थानातल्या बागकामावरचं त्यांचं पुस्तक त्या काळी इथल्या हौशी बागवानांच्या घरोघरी असे, त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत गेल्या. विलायती हवामानासाठी लिहिलेलं वेळापत्रक इथं चालत नाही. इथं कधी पेरावं, कधी पाणी तोडावं, कशाचा नाद सोडावा हे नव्यानं शिकावं लागतं. असा तो अनुभव होता. गणेशखिंडचं उद्यान पुढे कृषी विद्यापीठाकडे आलं, आणि २०२० मध्ये राज्य सरकारनं ते जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केलं. आतल्या जुन्या आंब्यांखालून चालताना बाहेरच्या रस्त्याचा आवाज अर्ध्यावर येतो.

याच गणेशखिंडनं पुण्याच्या फुलबाजाराला आपली वाणं दिली. ‘फुले गणेश’ या नावाचा ॲस्टर पांढरा, गुलाबी, जांभळा अशा रंगांत येतो. ग्लॅडिओलसमध्येही ‘फुले गणेश’ आहे, ‘फुले प्रेरणा’ आहे, ‘फुले तेजस’ आहे. ॲस्टर मूळ चीनचा, ग्लॅडिओलस आफ्रिकेचा. पण या नावांत ‘फुले’ही आहेत आणि गणेशखिंडही, त्यामुळे ती ऐकताना परकी वाटत नाहीत. इथल्या मातीत, इथल्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या निवडून ती इथली केली आहेत. ट्युलिपच्या बाबतीत हे कुणी करू शकलेलं नाही. बियापासून फूल यायला त्याला पाच ते सात वर्षं लागतात, आणि त्यातला प्रत्येक हिवाळा खरा हिवाळा असावा लागतो.

तसा एक ‘ट्युलिप’ पुण्याच्या रस्त्यांवर मजेत वाढतो. उंच झाड, माथ्यावर शेंदरी-लाल फुलांचे झुबके, इंग्रजीत त्याला आफ्रिकन ट्युलिप म्हणतात. मराठी मुलांनी त्याचं नाव फार नेमकं ठेवलं: पिचकारी. न उमललेल्या कळीत पाणी असतं; टोक मोडून दाबली की धार उडते. नात्यानं त्याचा खऱ्या ट्युलिपशी काही संबंध नाही, फक्त फुलाचा आकार थोडा तसा. पण उष्ण आफ्रिकेतून आलेलं हे झाड पुण्यात बिनतक्रार फुलतं आणि त्याला मराठी नावही मिळतं, यात मघाचीच गोष्ट पुन्हा दिसते.

खऱ्या ट्युलिपचं नाव पगडीवरून आलं आहे. तुर्कस्तानात फुलाला ‘लाले’ म्हणत. पण युरोपातल्या लोकांनी पागोट्यासाठीचा तुर्की शब्द ऐकला, आणि फुलाचा घाट पागोट्यासारखा म्हणून तोच शब्द वळत वळत ट्युलिप झाला. क्लुसियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ मध्ये कंद घेऊन लायडनला गेला, पुढच्या वसंतात त्याच्या बागेत ट्युलिप फुलले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हॉलंडनं त्या फुलापायी सट्टा मांडला. सौदे होत ते हिवाळ्यात, खानावळींमध्ये बसून. कंद तेव्हा जमिनीखाली असत, हातोहात फिरे तो कागद. १६३७ च्या फेब्रुवारीत हार्लेममध्ये बोली लागेनाशी झाली आणि बाजार कोसळला. जवळपास त्याच काळात उजाड झालेल्या पुण्यात जिजाबाईंनी सोन्याच्या नांगरानं भूमी नांगरून वस्ती पुन्हा उभी केली, असं परंपरा सांगते. ज्या फुलांना तेव्हा सर्वांत जास्त भाव होता ती एकरंगी नव्हती. पांढऱ्या पाकळीवर लाल ज्वाळा ओढल्यासारखी ती दिसत. १९२८ मध्ये डोरोथी केली या इंग्लंडमधल्या संशोधक बाईंनी दाखवून दिलं की या रेषा एका संसर्गाच्या खुणा आहेत. हा संसर्ग विषाणूचा, आणि तो पसरवतो मावा, तोच मावा जो खडकीतल्या गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर बसतो. ज्या कंदांसाठी माणसं घरदार लावत होती ते आजारी होते, वर्षागणिक खंगत जाणारे.

कंदांचा त्याहून दुःखद अध्याय १९४४-४५ च्या हिवाळ्यातला. जर्मन ताब्यातल्या पश्चिम हॉलंडची रसद तुटली, कोळसा संपला, कालवे गोठले. लोकांनी लागवडीसाठी ठेवलेले ट्युलिपचे कंद उकडून खाल्ले. मधला कोंब विषारी म्हणून काढून टाकायचा आणि उरलेल्या पापुद्र्यांचं सूप करायचं. म्हणजे पुढच्या वसंताचं फूल आधी काढून फेकायचं आणि त्याच्यासाठी साठवलेलं अन्न माणसांनी खायचं. त्या हिवाळ्यात सुमारे वीस हजार माणसं उपासमारीनं मेली.

त्याच महायुद्धाच्या खुणा खडकीत आहेत. होळकर पुलाच्या बाजूला राष्ट्रकुल युद्ध स्मशानभूमी आहे. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या कबरी एकत्र आणून ती उभारली गेली. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांना तिथं विसावा मिळाला. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मृत्यू पावलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावंही तिथल्या स्मारकावर आहेत. एकसारख्या पांढऱ्या शिळा, त्यांवर नाव, पलटण, वय. वयं वाचवत नाहीत: एकोणीस, बावीस, चोवीस. प्रत्येक रांगेच्या पायाशी फुलांचा वाफा असतो, आणि जगभरच्या अशा स्मशानभूमींतली ही रीत इथले माळी इथल्या हवामानाला मानवेल अशा झाडांनी पाळतात. यांतल्या कितीतरी जणांच्या गावी एप्रिलमध्ये ट्युलिप फुलत असतील. त्यांच्या पायाशी मात्र खडकीत जगणारी फुलं आहेत, आणि ती रोज पाणी घालून जगवली जातात. त्या युद्धाच्या वेळी हॉलंडच्या राजकन्येनं कॅनडात आसरा घेतला होता. त्याची आठवण म्हणून १९४५ मध्ये एक लाख कंद ऑटावाला पाठवले गेले, आणि ती भेट अजून दरवर्षी जाते. ऑटावाला पाठवता येतात, कारण तिथं हिवाळा आहे.

आपल्याकडच्या लोकांच्या डोळ्यांत हे फूल भरलं ते १९८१ च्या ‘सिलसिला’ चित्रपटातून. हॉलंडमधल्या रंगीत पट्ट्यांसारख्या वाफ्यांमधून चालणारी नायक-नायिकेची जोडी पडद्यावर पाहून किती जणांनी ट्युलिपच्या बागेत फोटो काढायचं मनात धरलं असेल! हॉलंडला जाणं सगळ्यांना कुठून जमायचं. पण श्रीनगरला जमू लागलं. झबरवानच्या पायथ्याशी, दल सरोवराच्या वर, सुमारे तीस हेक्टरांवर इंदिरा गांधी स्मृती ट्युलिप उद्यान आहे. मार्चअखेर ते उघडतं आणि महिनाभरात संपतं. २०२३ मध्ये तिथं अडुसष्ट जातींची पंधरा लाख झाडं होती. परीक्षा संपायच्या सुमाराला ते फुलत असल्यानं पुण्याहून जाणाऱ्या कुटुंबांची तिथं गर्दी असते, आणि वाफ्यांमधून मराठी हाका ऐकू येतात. दिल्लीत शांतिपथाच्या कडेनं फेब्रुवारीत ट्युलिप दिसतात ते हॉलंडहून थंडी देऊन आणलेल्या कंदांचे. हिमाचलात पालमपूरच्या प्रयोगशाळेनं कंद देशातच वाढवायचं काम हाती घेतलं आहे, आणि ते यशस्वी व्हावं असं मनापासून वाटतं. दिल्लीच्या रात्री पुण्याहून बऱ्याच थंड असतात, तरी तिथंही उसनवारी चुकत नाही.

परत त्या पिशवीकडे. नाताळच्या आठवड्यात ती बाहेर निघते. ज्यांना चौदा आठवडे फ्रिज अडवणं परवडत नाही ते थंडी दिलेले कंद डिसेंबरात मागवतात आणि आल्याबरोबर लावतात. उबेत पडून राहिले तर मिळालेली थंडी फुकट जाते. पुण्याची काळी माती या कामाला नको. ती पाणी धरून ठेवते, आणि ओल्या मातीत कंद चार दिवसांत मऊ पडून कुजतो. लाल माती, जाड वाळू, थोडं कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा एवढं पुरतं. खताची घाई नको, शिदोरी कंदानं सोबत आणलेली असते. पसरट कुंडीत कंद एकमेकांना जवळजवळ टेकवून लावतात, टोक वर. कंदाची एक बाजू किंचित सपाट असते. ती कुंडीच्या काठाकडे करायची, म्हणजे पहिलं मोठं पान बाहेर झुकतं आणि मध्ये फुलांना जागा राहते. हे एकदा हातानं करून पाहिलं की त्या सपाट बाजूचं महत्त्व लक्षात राहतं.

पहिले दोन आठवडे कुंडी घरातल्या सर्वांत थंड जागी, सावलीत. उत्तरेची गॅलरी, न्हाणीघरामागचा बोळ, जुन्या बंगल्याच्या दगडी पायऱ्यांखालची जागा. तेवढ्यात मुळं धरतात. मग पोपटी-निळसर पानांची चोच वर येते, आणि कुंडी सकाळच्या उन्हात सरकते. दहा वाजले की पुन्हा सावलीत. संक्रांतीचा तिळगूळ होतो, रथसप्तमी येते, आणि त्या सुमाराला पानांच्या मधून हिरवी कळी दांड्यावर उभी राहते. रोज थोडा थोडा रंग चढतो. खऱ्या थंडीच्या देशात हे फूल दोन आठवडे टिकतं. खडकीत दुपारी ऊन लागलं तर पाकळ्या सताड उघडतात, संध्याकाळी गारव्यानं मिटतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी गळू लागतात. एका कंदाला एक फूल. एवढ्या महिन्यांच्या खटाटोपाला एवढंच फळ का, असं विचारणाऱ्यानं तो रंग पहिल्यांदा दिसला त्या सकाळी त्या घरी असायला हवं.

म्हणून पुष्कळ जण कळी झाडावर ठेवत नाहीत, कापून घरात आणतात. फुलदाणीची ही सवयही आपल्याकडे तशी अलीकडची. आपलं फूल देवाला, केसांत, हारात. गुलटेकडीच्या बाजारात अजून ही विभागणी स्पष्ट आहे: झेंडू, शेवंती, मोगरा, गुलछडी ही सुटी फुलं किलोवर विकतात, गुलाब, जरबेरा, कार्नेशन ही दांडीची फुलं गड्डीनं. मावळातल्या पॉलिहाऊसमधल्या लांब दांड्याच्या गुलाबाला तर बाजाराची भाषा ‘डच गुलाब’च म्हणते. हॉलंडचं तंत्र तळेगावच्या डोंगरापर्यंत आलं आणि तिथून फेब्रुवारीत गुलाब परदेशी जाऊ लागले. ट्युलिप मात्र या बाजारात पेटीतून, बाहेरून येतो आणि दुकानदार तो काचेच्या थंड कपाटात ठेवतात. पुन्हा तीच थंडी.

कापायची वेळ महत्त्वाची. कळीला रंग भरलेला, पण पाकळ्या अजून घट्ट मिटलेल्या. आणि वेळ उजाडतीची. दांडे वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून तासभर गार पाण्यात उभे केले की ताठ होतात. फुलदाणीत पाणी थोडंच, पण गार, रोज बदललेलं. डॅफोडिल सोबत नको. त्याचा चीक ट्युलिपला मानवत नाही. एक गोष्ट मात्र इतर कुठल्याही दांडीच्या फुलात इतकी दिसत नाही. कापल्यावरही ट्युलिप वाढत राहतो. रात्री काठाशी असलेली कळी दोन दिवसांत चांगली दोन-तीन सेंटिमीटर वर गेलेली असते आणि दांडा खिडकीकडे वळलेला. गुलाब कापला की तिथंच थांबतो. याच्यात फ्रिजमधल्या तीन महिन्यांनी जागी केलेली वाढ अजून संपलेली नसते.

कुंडीतल्या कंदाचं पुढे काय होतं, हे पाहायला धीर लागतो. ट्युलिपचा जुना कंद दरवर्षी संपूर्ण झिजतो आणि त्याच्या कुशीत नवा तयार होतो. त्यासाठी फुलानंतर पानांना सहा-आठ आठवडे गार हवेत ऊन खात राहावं लागतं. खडकीत मार्च लागतो, पारा पस्तिशीकडे जातो, पानं पंधरवड्यात पिवळी पडतात. नवा कंद वाटाण्याएवढाच राहतो. तो जपून ठेवणारे लोक आहेत, आणि पुढच्या सप्टेंबरात तो पुन्हा पिशवीत घालणारेही. त्याला एखादं पान येतं. फूल बहुतेक येत नाही.

त्याच सुमाराला बागेच्या कोपऱ्यात, कुणी लक्ष न दिलेल्या जागी, दुसरे कंद निजलेले असतात. इथल्या मातीत रमलेले हे कंदही मोजतच असतात, पण त्यांचं माप वेगळं. कळलावी पहिल्या पावसाची वाट पाहते. गुलाबी पावसाळी लिली एका वळवाच्या सरीनंतर तीन-चार दिवसांत रांगेनं उभी राहते. मे फ्लॉवरचा कंद कोरड्या मातीत महिनोन्‌महिने पडून असतो, आणि उन्हाळ्याचा कहर चालू असताना पानांआधीच लाल गोंडा जमिनीतून वर काढतो. यांपैकी कुणासाठी फ्रिज लागत नाही. पितृपंधरवड्यात ठेवलेल्या पिशवीइतकी त्यांची आठवणही कुणी ठेवत नाही, आणि हे थोडं बोचतं. पाहुण्याची सरबराई करताना घरच्यांकडे बघायचं राहून जातं, तसं काहीसं.

मार्चच्या शेवटी ट्युलिपची कुंडी रिकामी होते. संपलेले कंद खतखड्ड्यात जातात, माती उन्हात पसरून दोन दिवस वाळवली जाते, आणि त्याच कुंडीत गुलछडीचे कंद लागतात. ते आठ-दहा दिवसांत कोंब काढतात. पावसाळ्यात, एखाद्या संध्याकाळी वीज गेलेली असते आणि गॅलरीचं दार उघडं असतं, तेव्हा कुणीतरी आतल्या खोलीतून विचारतं, गुलछडी फुलली का.